छातीवर प्लेट, कानात नेट!

देवळालीच्या रेंजवर सराव सुरू झाला की आसपासच्या गावांना घड्याळ पाहावं लागत नाही. धडाड आवाज सगळ्यांच्या ओळखीचा आहे. पण ज्या तोफेचा एवढा दरारा, तिला समोरचं काहीच दिसत नसतं, हे अनेकांच्या ध्यानीमनी नसतं. लक्ष्य असतं वीस-तीस किलोमीटरवर, डोंगराआड. "डावीकडे २००, पुढे ४००" अशी दुरुस्ती सांगणारा माणूस कुठेतरी पुढे, दगडाच्या आडोशाला पालथा पडलेला असतो. तो ओपी, म्हणजे निरीक्षण चौकीवरचा अधिकारी. त्याच्या हाताशी असतो रेडिओ ऑपरेटर.

हा ऑपरेटर गोळ्यांच्या टप्प्यातही असतो आणि सगळ्यांच्या कानातही. त्यामुळे त्याचं जॅकेट भरणं हे एक शास्त्रच होऊन बसतं. 'प्लेट कॅरियर' हे त्या जॅकेटचं आजचं रूप: पुढे-मागे कडक प्लेटा सरकवायच्या, वर पट्ट्यांना खिसे अडकवायचे. त्यात काय, कुठे आणि का, याच्या या चटपटीत गोष्टी.

शाळा आली काकूलहून

देवळालीची स्कूल ऑफ आर्टिलरी आधी काकूलला होती. ते ठिकाण आता पाकिस्तानात आहे आणि तिथे त्यांची मिलिटरी अकॅडमी चालते. पुढे आपली शाळा देवळालीला आली आणि इथलीच झाली. नाशिकरोडच्या आर्टिलरी सेंटरमध्ये नवे जवान घडतात. कुणी गनर होतो, कुणी ड्रायव्हर, कुणी टेक्निकल असिस्टंट, तर कुणी ऑपरेटर. ९ नोव्हेंबर २०१८ रोजी के-९ वज्र आणि एम-७७७ या दोन तोफा लष्करात दाखल झाल्या, तो सोहळाही देवळालीतच झाला.

तोफखान्याचा वाढदिवस २८ सप्टेंबरला असतो. १८२७ साली याच दिवशी उभी राहिलेली तुकडी पुढे ५ बॉम्बे माउंटन बॅटरी म्हणून ओळखली गेली. म्हणजे मूळ मुंबईचं, माहेर नाशिकचं!

तोफ हाच निरोप

रेडिओ नव्हता तेव्हा? १३ जुलै १६६०. शिवाजी महाराज विशाळगडावर पोहोचल्याची खूण म्हणून तोफा वाजायच्या आणि तोवर बाजीप्रभूंनी खिंड अडवून धरायची, असं परंपरा सांगते. तोफेनं गोळा पोहोचवायचा नव्हता, फक्त बातमी पोहोचवायची होती. संदेश एकतर्फी, उलट विचारायची सोय नाही. आजच्या ओपीचं काम नेमकं उलटं आहे. तिथे बातमी आधी जाते आणि तोफ मागून बोलते.

झाकलं जातं किती? फुलस्केपपेक्षा जरा रुंद

जगभर सर्रास वापरली जाणारी मध्यम मापाची प्लेट सुमारे २४ सेंटिमीटर रुंद आणि ३२ सेंटिमीटर उंच असते. म्हणजे वहीच्या कागदाहून थोडीच मोठी. ती सगळं शरीर झाकायला बनवलेलीच नाही. हृदय, मोठ्या रक्तवाहिन्या आणि फुप्फुसांचा बराचसा भाग एवढंच तिच्या वाट्याला येतं.

त्यामुळे पहिला नियम असा: प्लेटेची वरची कड गळ्याखालच्या खळगीपाशी आली पाहिजे. नवखा माणूस ती हमखास खाली उतरवतो, कारण वर घट्ट बसली की हनुवटीला लागते आणि वाकताना त्रास होतो. मग पोट सुरक्षित आणि काळीज उघडं! पट्टे असे आवळायचे की श्वास भरून घेता यावा, पण धावताना प्लेट हिंदकळू नये. खिसे लावायचं काम त्यानंतरचं.

गोळीचाच भुगा

आतली प्लेट पोलादाची असते असा अनेकांचा समज. चांगल्या प्लेटेत पुढे सिरॅमिक असतं. गोळी त्यावर आदळते आणि तिचं टोकच फुटतं. मागचे पॉलिथिलीनचे किंवा इतर तंतूंचे थर तिचे तुकडे पकडून धरतात. फोडायचं काम एकाचं आणि पकडायचं दुसऱ्याचं.

यातला राजा म्हणजे बोरॉन कार्बाइड. कडकपणात हिरा आणि क्युबिक बोरॉन नायट्राइड यांच्या पाठोपाठ त्याचा नंबर लागतो आणि वजन पोलादाच्या एक तृतीयांश. मुंबईच्या तुर्भ्यातल्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं विकसित केलेल्या 'भाभा कवच'मध्ये हेच बोरॉन कार्बाइड आहे. ते हैदराबादची मिधानी बनवते.

दोन गमती. नुसत्या पॉलिथिलीनची प्लेट पाण्यात टाकली तर तरंगते, कारण तिची घनता पाण्याहून कमी आहे. आणि गोळी झेलणारी सिरॅमिक प्लेट जमिनीवर आपटली तर आतून तडकू शकते, बाहेरून काही कळतही नाही. म्हणून अमेरिकी सैन्यात प्लेटांचा चक्क एक्स-रे काढतात!

गोळी अडली तरी मार बसतोच

जॅकेट पास की नापास हे कसं ठरवतात? त्याच्यामागे खास चिकणमातीचा ठोकळा ठेवतात आणि गोळी झाडतात. गोळी आरपार गेली नाही एवढ्यावर भागत नाही. मातीत खड्डा किती पडला तेही मोजतात. अमेरिकेच्या एनआयजे मानकात ही मर्यादा ४४ मिलिमीटर आहे. त्याहून खोल खड्डा म्हणजे आतली बरगडी आणि फुप्फुस धोक्यात.

भारताचं स्वतःचं मानक आलं २०१८ मध्ये: आयएस १७०५१. त्यात धोक्याच्या सहा पायऱ्या आहेत. कानपूरच्या डीआरडीओ प्रयोगशाळेनं सहाव्या, म्हणजे सर्वांत वरच्या पायरीसाठी देशातलं सर्वांत हलकं जॅकेट बनवल्याचं एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झालं. त्याची पुढची प्लेट स्नायपर रायफलच्या पोलादभेदी गोळीचे सहा वार झेलते.

हलकं करा, हलकं करा

ऑपरेटरच्या अंगावर जॅकेटखेरीज रेडिओ सेट, जादा बॅटऱ्या, रायफल, मॅगझिन, पाणी असं सगळं असतं. त्यामुळे जॅकेटमधून कमी झालेलं प्रत्येक शंभर ग्रॅम त्याला हवंहवंसं. डीआरडीओ आणि आयआयटी दिल्लीनं मिळून बनवलेलं 'अभेद' जॅकेट सप्टेंबर २०२४ मध्ये पुढे आलं. धोक्याच्या पायरीनुसार त्याचं किमान वजन ८.२ आणि ९.५ किलो आहे.

मागणी किती मोठी असते? एप्रिल २०१८ मध्ये लष्करानं एका झटक्यात १,८६,१३८ जॅकेटांचा ६३९ कोटी रुपयांचा करार केला होता.

यात पुण्याचाही वाटा आहे. दापोडीच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमध्ये मेजर अनुप मिश्रा यांनी स्नायपरची गोळी अडवणारं 'सर्वत्र' जॅकेट तयार केलं. काश्मीरमध्ये त्यांच्या स्वतःच्या जॅकेटवर गोळी बसली होती. ती आत शिरली नाही, पण धक्का शरीरानं सोसला. तिथून हा ध्यास सुरू झाला. डिसेंबर २०१९ मध्ये लष्करप्रमुखांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. पुढे त्यांनी स्त्री-पुरुष दोघांनाही चालेल असं 'शक्ती' जॅकेट केलं. त्याची गरज वाढतेच आहे. एप्रिल २०२३ मध्ये तोफखान्यात पहिल्यांदाच पाच महिला अधिकारी दाखल झाल्या.

येवलेकरांनो, इकडे लक्ष द्या

गोळी अडवायला रेशीम! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिकागोतले पोलिश धर्मगुरू काझिमिर झेग्लेन यांनी घट्ट विणलेल्या रेशमाच्या थरांचं जॅकेट बनवलं आणि ते विकलंही. त्या काळच्या पिस्तुलाची संथ गोळी त्यात अडकायची. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याचं रेशीम पैठणीतच रमलं, ते बरंच झालं. आजच्या रायफलपुढे रेशमाचा टिकाव लागत नाही. १९६५ मध्ये ड्यूपाँट कंपनीतल्या स्टेफनी क्वोलेक यांना केव्हलारचा तंतू सापडला आणि रेशमाची जागा त्यानं घेतली.

पट्ट्यांची जाळी

जॅकेटवर आडव्या पट्ट्यांच्या रांगा दिसतात ना, त्या शोभेच्या नाहीत. पट्टी २५ मिलिमीटर रुंद, दोन पट्ट्यांमध्ये तेवढंच अंतर आणि दर ३८ मिलिमीटरवर उभा टाका. कोणत्याही कंपनीचा खिसा कोणत्याही जॅकेटवर बसावा म्हणून हे माप ठरलेलं. खिशाची पट्टी एकदा जॅकेटच्या फटीतून, एकदा खिशाच्या फटीतून अशी विणत न्यायची. घाईघाईत एक फट चुकवली की खिसा झुलायला लागतो आणि रेडिओसारखी जड वस्तू असेल तर धावताना बरगड्यांवर आपटत राहतो.

सेट डावीकडेच का?

उजव्या हाताचा माणूस रायफलचा दस्ता उजव्या खांद्यात रोवतो. तिथे वायर, बटण, खिसा असं काहीही आलं की नेम बिघडला. म्हणून सेट बहुधा डाव्या कुशीत, काखेखाली आणि थोडा मागे. बोलायचं बटण, ज्याला सगळे पीटीटी म्हणतात, ते छातीवर डावीकडे. उजवा हात ट्रिगरपासून न हलवता डाव्या हातानं दाबता आलं पाहिजे. डावखुऱ्याचं सगळं उलट.

सेटचा पडदा आणि चॅनेलची खुंटी मान वाकवून दिसेल अशी हवी. अंधारात बोटांनी मोजत चॅनेल बदलता आलं तर उत्तमच. जॅकेटचं पोट मात्र शक्य तितकं सपाट ठेवायचं. चौकीवर तासन्‌तास पालथं पडायचं असतं. पोटावर तीन मॅगझिनं एकावर एक रचली तर जमीन आणि आपण यांच्यात भलताच डोंगर उभा राहतो.

अँटेनाचा हिशेब तोंडी करा

पाव तरंगलांबीची अँटेना किती लांब? ७५ ला मेगाहर्ट्झनं भागा, उत्तर मीटरमध्ये. ३० मेगाहर्ट्झला अडीच मीटर, ५० ला दीड मीटर, १५० ला अर्धा मीटर, ४०० ला जेमतेम १९ सेंटिमीटर. पायदळाचे आणि तोफखान्याचे व्हीएचएफ सेट साधारण ३० ते ८८ मेगाहर्ट्झमध्ये बोलतात. म्हणजे लांब अँटेना नशिबी आलीच. ती आखूड करता येते, पण किंमत पल्ल्यात मोजावी लागते.

लांब अँटेनाचा दुसरा त्रास जिवावरचा. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी रेडिओमन पाठीवर सुमारे दहा किलोचा सेट घेऊन चालायचे. डोक्यावर डुलणारी अँटेना दिसली की शत्रूला दोन गोष्टी कळायच्या: हा रेडिओवाला आणि त्याच्या शेजारचा अधिकारी. म्हणून पुष्कळ जण ती वाकवून खाली खोचायचे. पण अँटेना अंगाला चिकटली की पाण्यानं भरलेलं आपलं शरीर लहरी शोषून घेतं. दिसू नये म्हणून लपवली तर ऐकू जात नाही, ऐकू जावं म्हणून उभारली तर दिसते! आज मोडून हवी तशी वळवता येणारी मान आणि लवचिक पट्टीची अँटेना वापरून यातून मार्ग काढतात. चालताना खांद्यामागे झुकवायची, बोलताना उभी करायची.

डोंगर आपला मित्र

व्हीएचएफ लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. रेडिओचं क्षितिज काढायचं सूत्र सोपं आहे: उंचीचं (मीटरमध्ये) वर्गमूळ गुणिले ४.१२, उत्तर किलोमीटरमध्ये. अँटेना दीड मीटरवर असेल तर क्षितिज अवघं ५ किलोमीटर. आजूबाजूच्या सपाटीपेक्षा १०० मीटर उंच टेकडीवर चढा, ते ४१ किलोमीटरवर जातं. सह्याद्रीत ओपी टेकडीवर का बसतो याचं अर्धं उत्तर नजर आणि अर्धं हे वर्गमूळ.

आंबे-बहुला परिसरातला बहुला किल्ला तोफखान्याच्या फायरिंग रेंजच्या हद्दीत येतो. तिथे जायची हौस असलेल्या ट्रेकरनं आधी सराव नाही ना, याची खात्री करून परवानगीही घ्यायची असते. गड चढायला अवघड असेल-नसेल, पण वेळापत्रक मात्र तोफांचं!

आकाशातला भाऊबंद

टेकडी पुरेना तेव्हा तोफखान्यानं विमान धरलं. छोट्या विमानातून गोळा कुठे पडला ते पाहायचं आणि रेडिओवर सांगायचं, याला एअर ओपी म्हणत. त्याच कुळातून १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वतंत्र आर्मी एव्हिएशन कोअर जन्मली. तिच्या वैमानिकांची शाळा नाशिकलाच, गांधीनगरला आहे. कॅप्टन अभिलाषा बराक २५ मे २०२२ रोजी इथूनच उत्तीर्ण होऊन लष्कराच्या पहिल्या महिला कॉम्बॅट एव्हिएटर ठरल्या.

दोन कान, दोन नेट

ऑपरेटरच्या हेडसेटमध्ये अनेकदा दोन वेगळी नेट, म्हणजे रेडिओवरची जाळी, चालू असतात: एका कानात आपली तुकडी, दुसऱ्यात तोफांची बाजू. कुठला आवाज कुठल्या कानात हे आधीच ठरलेलं, म्हणजे नाव न विचारता कोण बोलतंय ते कळतं. चांगला हेडसेट स्फोटाचा आवाज दाबतो आणि मागच्या पावलांची चाहूल मात्र वाढवून ऐकवतो. कानावरून येणारी वायर पाठीमागून, जॅकेटच्या पट्टीखालून फिरवायची. पुढे लोंबती ठेवली की बाभळीची पहिली फांदी ती ओढून नेते.

'रिपीट' म्हणाल तर याद राखा

नीट ऐकू आलं नाही तर आपण फोनवर म्हणतो, "रिपीट करा." तोफखान्याच्या नेटवर हे चालत नाही. तिथे 'रिपीट'चा अर्थ आहे तोच मारा पुन्हा त्याच जागी करा! म्हणून ऐकू आलं नाही तर 'से अगेन' म्हणायचं. सिनेमातलं 'ओव्हर अँड आउट'ही तसंच चुकीचं. 'ओव्हर' म्हणजे माझं झालं, आता तुम्ही बोला. 'आउट' म्हणजे बोलणं संपलं. दोन्ही एका दमात म्हणणं म्हणजे पाहुण्याला "बसा" म्हणत दार लावून घेणं.

हिरॉइनचं पेटंट

शत्रूनं ऐकू नये किंवा गोंगाट करून नेट बुडवू नये म्हणून आधुनिक सेट सेकंदात कितीतरी वेळा फ्रिक्वेन्सी बदलत राहतात. या कल्पनेच्या सुरुवातीच्या पेटंटांपैकी एक ऑगस्ट १९४२ मध्ये मिळालं ते हॉलिवूडची अभिनेत्री हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना. त्यांच्या आराखड्यात आपोआप वाजणाऱ्या पियानोच्या कागदी गुंडाळीची युक्ती होती आणि फ्रिक्वेन्सी होत्या ८८, पियानोच्या पट्ट्यांइतक्या!

बॅटरी कुशीत, कंपास लांब

तोफखान्यात बॅटरी म्हणजे तोफांची तुकडी. ऑपरेटरला मात्र दुसरीच बॅटरी रडवते. कडाक्याच्या थंडीत लिथियम बॅटरीची ताकद चटकन घटते, म्हणून जादा बॅटरी कपड्याच्या आत, अंगाच्या उबेला ठेवतात. भरलेल्या आणि संपलेल्या बॅटऱ्या वेगवेगळ्या खिशात हव्यात. रात्री चाचपडताना संपलेलीच पुन्हा लावली तर कप्पाळमोक्ष.

कंपासला रेडिओचं वावडं. स्पीकरच्या चुंबकापाशी त्याची सुई भरकटते. चौकीवर एक अंश चुकला तर २० किलोमीटरवर साडेतीनशे मीटरचा फरक पडतो. म्हणून सेट डाव्या कुशीत असेल तर कंपास उजव्या खिशात, आणि वाचताना हात पुढे लांब करून धरायचा.

जखमीचं किट जखमीलाच

प्रथमोपचाराचा खिसा तुकडीतल्या प्रत्येकाच्या जॅकेटवर एकाच जागी असतो. कारण जखमी माणसावर त्याचंच किट वापरायचं असतं, मदत करणाऱ्याचं नाही. ते शोधण्यात वेळ जाता कामा नये. रक्त थांबवणारा आवळपट्टा, म्हणजे टूर्निके, दोन्ही हातांपैकी कोणत्याही एका हाताला पोहोचेल असा लावतात.

बऱ्याच जॅकेटांना एक दोरी असते. ती खेचली की सगळं जॅकेट सुटं होऊन गळून पडतं. पाण्यात पडल्यावर किंवा उपचार करताना ती कामी येते. ऑपरेटरला इथे एक जादा काळजी: जॅकेट गळून पडलं आणि हेडसेटची वायर डोक्याला तशीच अडकली तर? म्हणून ओढताच सुटेल असा जोड मध्ये ठेवतात.

हौशींनो, जरा जपून

सैनिक असल्याचा आव आणण्यासाठी लष्करी गणवेश घालणं हा गुन्हा आहे. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या नव्या कॉम्बॅट गणवेशाचं डिझाइनही लष्करानं नोंदवून घेतलंय. तशा छापाचं कापड वाटेल त्यानं विकायचं नाही. ऑनलाइन दिसणारे वॉकी-टॉकीही सगळेच परवानामुक्त नसतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२५ मध्ये त्यांच्या विक्रीबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. रेडिओचा खरा नाद असेल तर हॅम रेडिओची परीक्षा द्या, परवाना घ्या आणि जगाशी गप्पा मारा.

शेवटची परीक्षा

सगळं बसलं की उड्या मारायच्या. खुळखुळलं ते चिकटपट्टीनं किंवा रबरानं आवळायचं. मग धावायचं, गुडघ्यावर बसायचं आणि सपाट पालथं पडायचं. सगळ्यात मोठी चूक इथे पकडली जाते. पीटीटी छातीच्या मध्यावर लावलं असेल तर पालथं पडताच ते जमिनीनं दाबलं जातं आणि तसंच राहतं. नेटवर एका वेळी एकालाच बोलता येतं, त्यामुळे या एका अडकलेल्या बटणानं सगळ्यांची तोंडं बंद होतात आणि कानात येत राहतो फक्त याच्या श्वासाचा घरघराट. याला स्वतःला मात्र पत्ताच नसतो, कारण बटण दाबलेलं असताना त्याला दुसऱ्याचं ऐकू येत नाही. म्हणून पालथं पडल्या पडल्या 'रेडिओ चेक' मागायचा. जॅकेट नीट भरलं की नाही, याचा निकाल पलीकडे ऐकणारा देतो.